उणे सत्तर

"नीव एनागबेक्री?" शांतम्माने विचारले, आणि गौरीशंकरने क्षणाचाही विचार न करता, पण पूर्ण प्रामाणिकपणे उत्तर दिले, "इन्ना नक्की माडिल्ला."

अजून नक्की केलेले नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेल्या बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिले, मग त्यांतली एक पदर तोंडाशी नेऊन हसली आणि ते हसू बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेले. शांतम्मा ही या दवाखान्यातली सर्वांत जुनी आया. तिच्या हातात दाखल करून घेण्याचा कागद होता आणि बोट 'रुग्णाशी नाते' या चौकटीवर टेकलेले होते. आत खाटेवर चन्नबसप्पा निपचित पडले होते. तुम्ही यांचे कोण, इतकेच तिने विचारले होते. उमरग्याकडच्या कानडीत नाते असेच विचारतात : तुम्ही त्यांना काय व्हायला हवे? घाईत 'त्यांना' गाळले की उरते नुसते 'तुम्ही काय व्हायला हवे'. गाळलेला शब्द ऐकणाऱ्याने मनाशी भरून घ्यायचा असतो, आणि जन्मभर या सीमेवर राहिलेला कुणीही माणूस तो भरून घेतो. गौरीशंकरने आज तो भरला नाही. गेले अकरा दिवस त्याच्या डोक्यात हाच प्रश्न त्या शब्दावाचून ठाण मांडून बसला होता. कानावर आला तेव्हा तो बाहेरून आला की आतून, हे त्याला कळलेच नाही.

"अगं माय, नातं सांगायलाव का सोयरीक ठरवायलाव?" शांतम्मा मराठीवर आली. "म्हातारं सत्तरीच्या पुढं गेलं, अन् तुमचं अजून नक्की न्हाय?"

"तसं नाही. म्हणजे, तसे ते माझे कुणी –"

"कुणी न्हाय मनू नका. कुणी नसलेलं माणूस अनवाणी पळत येत न्हाय."

त्याने पायांकडे पाहिले. ते खरोखरच अनवाणी होते. "ऱ्हाऊ द्या रिकामं," ती म्हणाली. "संध्याकाळी सोडायच्या आधी लिवा म्हंजे झालं. चौकट रिकामी दिसली की डॉक्टर माज्यावर वरडत्यात." मग आत जाऊन तिने निळ्या रबरी स्लिपरांचा एक जोड आणला आणि त्याच्यापुढे टाकला. एक स्लिपर दुसरीपेक्षा बोटभर मोठी होती.

सकाळची घटना साधी होती आणि तिचे कारण त्याहून साधे. सोमवार होता, चन्नबसप्पांना उपवास होता, आणि मधुमेहाची गोळी उपवासाला चालते अशी त्यांची समजूत होती. गोळीने आपले काम केले; ती वार पाहत नाही. साडेदहाच्या सुमारास ट्रक तोलायच्या आपल्या वजनकाट्याच्या केबिनबाहेर उभे असताना ते घामाने डबडबले, "मास्तर, लाईट गेली का रं?" असे भर उन्हात गौरीशंकरला म्हणाले आणि काट्याच्या लोखंडी फलाटावर बसकण मारून आडवे झाले. त्या वेळी तिथे महारुद्र नावाच्या ड्रायव्हरचा तुरीने भरलेला ट्रक वजनासाठी उभा होता. गौरीशंकर आणि महारुद्र अशा दोघांनी मिळून म्हाताऱ्याला ट्रकमध्ये चढवले आणि वजन न करताच, तुरीसकट, दवाखाना गाठला. रक्तातली साखर अठ्ठेचाळीस निघाली. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिले, वीस मिनिटांत म्हातारा भानावर आला, आणि "संध्याकाळपर्यंत ठेवू, मग घेऊन जा" असे सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले. धोका टळला होता. टळलेल्या धोक्याने माणसाला हलके वाटायला हवे. गौरीशंकरला मात्र जड वाटत होते, आणि कारण नसताना काही वाटले की ते वाटणे संशयास्पद मानायची त्याला सवय होती. तो बाकाच्या टोकाशी बसला. खिशातला फोन मांडीला लागत होता. फोनमध्ये अकरा दिवसांपूर्वी आलेली एक मेल होती आणि तिच्या शेवटी लिहिले होते, की सोमवारी सायंकाळी पाचपर्यंत उत्तर न आल्यास आपला नकार समजला जाईल.

हे शेवटचे वाक्य त्याला पहिल्या वाचनापासून आवडले होते. त्याच्या आयुष्यात इतकी वर्षे गप्प राहण्याचा अर्थ होकार असाच घेतला गेला होता. कुणीतरी प्रथमच गप्प राहण्याची नेमकी किंमत आधी सांगून ठेवली होती. मेल हैदराबादच्या एका मापनशास्त्राच्या प्रयोगशाळेची होती. भाराखाली धातू कसा हळूहळू आकार बदलतो, यावर तीन वर्षांचे संशोधन, सहायकाचे पद, वयाची अट चाळीस. गौरीशंकरला चाळीस व्हायला पाच महिने उरले होते. अर्जासोबत दोनशे शब्दांचे एक निवेदन मागितले होते : पाच वर्षांनी आपण कोण झालेले असावे असे आपल्याला वाटते? त्याने वजनाच्या कोऱ्या पावत्यांच्या पाठीवर चौदा मसुदे लिहिले. त्याच सुमारास सोलापूरच्या एका मित्राने त्याला एक व्हिडिओ पाठवला होता. त्यातला टाय लावलेला गृहस्थ सांगत होता, की आयुष्यातल्या पंचवीस इच्छा लिहा, पाच ठेवा, उरलेल्या वीस निर्दयपणे खोडा. गौरीशंकरने प्रयोग म्हणून ते करून पाहिले. अकरा इच्छांपुढे त्याची यादी गेली नाही, आणि त्या अकरांतल्या सहा त्याच्या नव्हत्याच. त्या बायको भुवनेश्वरीच्या, मुलगी वैष्णवीच्या आणि अप्पांच्या, म्हणजे चन्नबसप्पांच्या, होत्या आणि त्याच्या हस्ताक्षरात आल्या होत्या एवढेच. शिवाय त्याला एक मूलभूत आक्षेप होता. क्रम लावायचा तर मोजावे लागते आणि मोजायचे तर एकक लागते. म्हाताऱ्याची सकाळची साखरेची गोळी आणि धातूचे भाराखालचे वागणे ही दोन्ही कोणत्या एककात मोजायची, हे त्या गृहस्थाने सांगितले नव्हते. शेवटी त्याने निवेदनात एकच वाक्य लिहिले, 'मला भाराखालचा धातू समजून घ्यायचा आहे', आणि सोबत आपल्या नोंदवह्यांच्या प्रती जोडल्या. त्यांनी त्याला घेतले ते त्या वह्यांमुळे. रोज सकाळी पहिली गाडी येण्यापूर्वी त्याने रिकाम्या काट्यावरचा आकडा, हवेचे तापमान आणि आदल्या दिवशीचा एकूण भार लिहून ठेवला होता. सोळा वर्षे. तो जिथे अडकला होता त्याच जागेने त्याला बाहेर जाण्याचा दाखला दिला होता, आणि या विनोदावर हसावे असे त्याला अजून वाटले नव्हते.

सोळा वर्षांपूर्वी तो पंधरा दिवसांसाठी काट्यावर बसला होता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन तो गावी आला होता आणि एका परीक्षेच्या निकालाची वाट पाहत होता. चन्नबसप्पा हे वडिलांच्या ओळखीचे. हैदराबाद रस्त्यावर त्यांनी नवा साठ टनी काटा टाकला होता आणि त्यांचा ऑपरेटर लग्नाला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. "पंदरा दिवस बैस की रं. अभ्यास बी हुतो, सावली बी हाय," ते म्हणाले होते. तो बसला, आणि नवव्या दिवशी त्याने एक शोध लावला. भरलेली गाडी वजनाला चढे तेव्हा ड्रायव्हर आत बसलेला असे. माल उतरवून तीच गाडी रिकामी परत येई तेव्हा ड्रायव्हर गाडी फलाटावर लावून चहाला जाई. भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा करायचे आणि उरेल तो माल. म्हणजे प्रत्येक खेपेला मालात एक माणूस जास्त भरत होता. सारा तालुका वर्षानुवर्षे ड्रायव्हर तुरीच्या भावाने विकत होता, आणि काटा मात्र दोन्ही वेळा बिनचूक होता. चूक यंत्राची नव्हती. कोण केव्हा उतरतो, याची होती. त्याने हे चन्नबसप्पांना पावतीच्या पाठीवर आकृती काढून दाखवले. म्हातारा, तेव्हा तो म्हातारा नव्हता, बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "मास्तर हायस तू." दुसऱ्या दिवशी केबिनच्या भिंतीवर पिवळ्या रंगात मराठी, कानडी, तेलुगू आणि हिंदी अशा चार भाषांत अक्षरे उमटली : वजनाच्या वेळी ड्रायव्हरने दोन्ही वेळा खाली उतरावे. महिन्याभरात ट्रकवाले 'मास्तरचा काटा' म्हणू लागले. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा तो पास होता, आणि मुलाखतीच्या दिवशी काट्याच्या तपासणीचे अधिकारी येणार होते.

त्याला कुणी कोंडले नव्हते, हे तो स्वतःला वेळोवेळी सांगत असे, आणि ते खरे होते. अडचण नेमकी तीच होती. कोंडणारा असता तर त्याच्यावर चिडता आले असते. काट्याच्या यंत्रात एक सोय असते. फलाटावर चिखल साचतो, धूळ साचते, पावसाचे पाणी मुरते. हे वजन इतके सावकाश वाढते की यंत्र ते भार म्हणून धरतच नाही. ते गुपचूप आपले शून्य सरकवून घेते. पडद्यावर शून्यच दिसत राहते. शिवाय हा काटा दहा किलोंच्या टप्प्यांनी मोजतो. त्याहून कमी असेल ते त्याच्या लेखी नसते. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी गळ्यातले इष्टलिंग काढून ठेवल्यावर आईने, पार्वतम्माने, अन्न सोडले होते. मग वडील वारले, ती एकटी पडली, आणि तिच्यासाठी त्याने ते पुन्हा घातले. त्या आठवड्यात तो एकदा लिंगासह आणि एकदा लिंगाशिवाय फलाटावर उभा राहिला होता. दोन्ही वेळा सत्तर. त्याचे खरे वजन अडुसष्ट होते. वरचे दोन किलो यंत्राने उदारपणे दिले होते. त्याच दिवशी त्याला जाणवले होते, की आपल्या बाबतीत जे जे घडले ते दहा किलोंच्या आतले होते. पंधरा दिवस, मग हंगाम संपेपर्यंत, मग आईचे डोळ्याचे ऑपरेशन, मग लग्न, मग चन्नबसप्पांची बायको गेली तो पावसाळा. त्यांचा मुलगा सिद्धेश्वर बेंगळुरूला नवव्या मजल्यावर राहतो; तो फोनवर गौरीशंकरला दर वेळी एकच वाक्य बोलतो, "अण्णा, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे," आणि मग निश्चिंत होतो. काटा विकून टाकावा आणि वडिलांना नवव्या मजल्यावर न्यावे, असे सिद्धेश्वरचे मत आहे. म्हातारा ऐकत नाही. मास्तर आहे तोवरच काटा आहे, असे तो सांगतो, आणि मास्तर गेला की काटा गेला, हे याचे उलटे वाक्य कुणी बोलत नाही, कारण ते गणितात आपोआप सिद्ध होते.

दुपारी साडेतीनला शांतम्मा सलाईनची बाटली बदलायला आली तेव्हा तो खाटेजवळच्या स्टुलावर होता. चन्नबसप्पा उशीला टेकून बसले होते आणि बिस्किटाचा पुडा संशयाने न्याहाळत होते.

"उपास मोडला की रं मास्तर. शिवानं काय मनावं?"

"शिवाला साखरेचा आकडा दाखवू, अप्पा. अठ्ठेचाळीस."

"तू तर त्याला बी काट्यावर चढवशील," म्हातारा हसला. "अन् वर मनशील, नंदीला खाली उतरवा." त्यांनी बिस्किट पाण्यात बुडवले. "महारुद्राच्या तुरीचं काय झालं?"

"तो काट्यावर जाऊन थांबलाय. वजनाशिवाय गिरणीवाला माल घेत नाही."

"मग तू हितं काय करलालास? जा की. गाडी हुबी ऱ्हाती म्हंजे काय?" आणि मग, बिस्किट तुटून पाण्यात पडले ते बोटाने काढत, वर न बघता, "फोनमदी काय हाय रं तुज्या? धा-अकरा दिवस झालं, बगलालास अन् ठिवलालास, बगलालास अन् ठिवलालास."

गौरीशंकरच्या तोंडात वाक्य तयार होते. ते सोपे होते, त्यात अवघे सहा शब्द होते, आणि तो सलाईनचे थेंब मोजू लागला. मिनिटाला बावीस. शांतम्माने बाटली अडकवली, त्याच्या पायांतल्या विजोड स्लिपरांकडे पाहिले आणि हे तुमचे कोण, असे म्हाताऱ्यालाच विचारले, "अप्पा, इवरु निमग एनागबेकु? सकाळी इचारलं तर मनले, अजून नक्की न्हाय."

चन्नबसप्पांनी मान वर केली. प्रश्नाचा त्यांना गमतीशीर राग आलेला दिसला. "एनू आगबेकागिल्ल," ते म्हणाले. "आग्यान."

काही व्हायला नको. झालाय. शांतम्माने समजल्यासारखी मान हलवली, कारण तिला ते समजले होते : नाते सांगायची गरज नाही, हा आपलाच आहे. कुणीही कुणाविषयी याहून प्रेमाने बोलू शकले नसते. गौरीशंकरला मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू आले. लहानपणी आळंदकडून आईचे पाहुणे येत तेव्हा ते त्याला मांडीवर घेऊन विचारत, "नी दोड्डवनागि एनागती?" मोठा होऊन काय होशील? तो गप्प बसे आणि आई परस्पर उत्तर देई. दर वेळी वेगळे, डॉक्टर, कलेक्टर, एकदा तर विमानवाला. त्या प्रश्नाचे क्रियापद भविष्यातले होते. आता त्याचे भूतकाळी रूप त्याच्यासमोर, औषधांच्या वासात, अगदी मायेने उच्चारले गेले होते, आणि ते रूप व्याकरणदृष्ट्या पूर्ण होते. खोलीत एकच खिडकी होती आणि तिला जाळी होती. जाळीच्या चौकोनांतून रस्त्यावरचे ट्रक तुकड्यातुकड्यांनी जात होते. 'जाऊन येतो' असे तो म्हणाला. म्हातारा म्हणाला, "ये. लवकर ये," आणि डोळे मिटले.

रिक्षाची वाट पाहत असताना भुवनेश्वरीचा फोन आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुपारच्या लहान सुट्टीचा गलका मागे ऐकू येत होता. "अप्पा कसे आहेत?" तिने विचारले. बरे आहेत, तो म्हणाला. "मी विचारणार नाही असं ठरवलंय," ती म्हणाली. "पाच वाजून गेले की विचारीन."

"तू काय म्हणतेस पण?"

"अकरा दिवस झाले, अहो. वैष्णवी आणि मी तीन वर्षं इथं राहू शकतो, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं. तुमच्या आईचं मी बघते, हेही सांगितलं. तुम्ही रोज एक नवीन कारण आणता, मी ते सोडवते, दुसऱ्या दिवशी तुम्ही दुसरं आणता. मुलं गणिताच्या तासाला असंच करतात. उत्तर पाठीमागं बघून ठेवलेलं असतं आणि रीत नंतर जुळवतात." घंटा झाली. "तुमचं उत्तर काय आहे ते आधी बघा. रीत मी जुळवून देते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. तिनेही दार लावलेले नव्हते. सगळी दारे उघडी होती. तो एकेका दारापाशी जाऊन बिजागऱ्या तपासत होता.

तो काट्यावर पोचला तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. महारुद्रचा ट्रक रस्त्याच्या कडेला होता आणि महारुद्र त्याच्या सावलीत गमछा अंथरून पडला होता. "मास्तर, लाईट गेलीय," तो पडल्यापडल्या म्हणाला. "तीन वाजल्यापासनं. अप्पा कसं हायेत?" बरे आहेत, गौरीशंकर म्हणाला, आज हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटले होते, की त्यातून सगळा अर्थ निघून गेला होता. केबिनमधली बॅटरी कधीच मेलेली होती. पडदा काळा होता. बाहेर ड्रायव्हरांसाठी लावलेला मोठा आकड्यांचा फलकही काळा होता. करण्यासारखे काही नव्हते. फलाटावर सकाळी चन्नबसप्पा आडवे झाले होते त्या जागी त्याच्या स्वतःच्या चपला पडल्या होत्या, उलट्यासुलट्या, धावपळीत सुटलेल्या. तो फलाटावर चढला, निळ्या स्लिपरा काढून हातात घेतल्या, चपला घातल्या, आणि तिथेच उभा राहून फोन काढला. उन्हाने लोखंड तापले होते. मेल उघडली. उत्तराची कोरी चौकट उघडली. तिच्यातली ती बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली. त्याने 'मी' लिहिले आणि पुसले. मग वाटले, की आपण जाऊच शकत नाही याचे खरे कारण अप्पा नाहीतच. खरे कारण काटा आहे. आपण नसलो तर चूक पुन्हा शिरेल. कुणीतरी आत बसून राहील, कुणीतरी चहाला जाईल, आणि मालात माणूस भरत राहील. हे कारण त्याला एकदम पटले. ते भावनिक नव्हते, तांत्रिक होते. याच कारणाच्या मागे आपण सोळा वर्षे उभे आहोत, असे त्याला वाटले, आणि त्याच क्षणी लाईट आली.

बाहेरचा फलक पेटला. यंत्र चालू होताना करते तसे त्याने नवापासून खाली आकडे मोजले, सगळे नऊ, सगळे आठ, सगळे सात, आणि शेवटी एक लाल शून्य स्थिर झाले. गौरीशंकर फलाटावर उभा होता आणि फलक शून्य दाखवत होता. त्याला हे माहीत होते. नव्या ऑपरेटरला तो हेच पहिल्यांदा शिकवत असे, की यंत्र चालू होताना फलाट रिकामा हवा, कारण त्या क्षणी वर जे असेल तेच ते शून्य धरते. त्याला सगळे माहीत होते. तरीही तो त्या शून्याकडे पाहत राहिला. मग तो खाली उतरला.

फलकावर आले : उणे सत्तर.

"आयला," महारुद्र उठून बसला. "मास्तर, काटा बिगडला की! रिकामा आसून उणं दावलालाय."

"बिघडला नाही," गौरीशंकर म्हणाला. "बरोबर दाखवतोय."

त्याचा आवाज त्याला परका वाटला. दोन मार्ग होते आणि दोन्ही त्याला पाठ होते. तो पुन्हा फलाटावर जाऊन उभा राहिला असता तर शून्य आले असते आणि तो तिथे असेतोवर राहिले असते. अशा काट्यावर गाडीही तोलता आली असती, मास्तर फलाटाच्या कोपऱ्यात उभा राहील एवढ्याच अटीवर. किंवा केबिनमध्ये जाऊन शून्याचे बटण दाबायचे. ते दाबले की यंत्र त्याच्या नसण्याला शून्य धरणार होते. रस्त्यावरून एक टँकर गेला आणि फलाट किंचित हादरला. आकडा हलला नाही. सोळा वर्षांत स्वतःचे इतके स्वच्छ मापन त्याने कधी पाहिले नव्हते. ते चिन्हासकट होते. महारुद्रने ट्रक चालू केला, "चढवू का?" म्हणून ओरडला, आणि चुकीच्या शून्यावर गाडी तोलली जाणे हे गौरीशंकरच्या हातून होण्यासारखे नव्हते. तो केबिनमध्ये गेला. बोट बटणावर ठेवले. हे आपण जाण्यासाठी करत नाही, फक्त यंत्र नीट करतो आहोत, असे त्याने स्वतःला बजावले, आणि दाबले. शून्य यायला तीन सेकंद लागली.

तीन सेकंद. त्याला काहीतरी जास्त लागेल असे वाटले होते. ट्रक चढला. महारुद्र इंजिन बंद करून, कुणी न सांगता, भिंतीकडे न पाहता, खाली उडी मारून फलाटाबाहेर येऊन उभा राहिला आणि कानात काडी घालू लागला. गौरीशंकर काचेतून पाहत राहिला. भिंतीवरची पिवळी अक्षरे कधीच फिकटली होती. कानडी ओळीतला अर्धा भाग पोपडा होऊन पडला होता. ती आता कुणी वाचत नव्हते, आणि तरी माणसे उतरत होती. त्याचे तांत्रिक कारणही गेले. यंत्राने फीत ओकली : तारीख, गाडीचा क्रमांक, पंचवीस हजार तीनशे चाळीस, वेळ चार वाजून एकतीस मिनिटे. त्याने पावती महारुद्रला दिली. "चहा घ्या जरा, मास्तर," तो म्हणाला आणि गेला.

चार वाजून बावन्न मिनिटांनी त्याने मेल पाठवली. तिच्यात विशेषण नव्हते. येत्या एक तारखेस हजर होईन. पाठवल्याची खूण आली आणि त्याने वाट पाहिली. सुटल्यासारखे काही वाटले नाही. छातीवर होते ते तसेच होते. यावर त्याने स्वतःच वहीत पानेच्या पाने लिहिली होती : दीर्घकाळ भाराखाली राहिलेला धातू भार काढल्यावर लगेच मूळ आकारात येत नाही, काही अंश तासांनी परततो, काही दिवसांनी, काही कधीच नाही. तेव्हा ते निरीक्षण होते. त्याने केबिनला कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि तिचे वजन त्याला जाणवले, जे काट्याला कधीच दिसले नसते.

दवाखान्यात व्हरांडा रिकामा झाला होता. शांतम्मा कागद घेऊन दाराशीच उभी होती. त्याने स्लिपरा तिच्या हातात दिल्या आणि कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. 'रुग्णाशी नाते.' मुलगा लिहिले तर खोटे, शेजारी लिहिले तर कमी, नोकर लिहिले तर म्हातारा उठून कागद फाडेल. त्याने लिहिले : मास्तर. शांतम्माने अक्षरे लावली. "हे काय नातं आसतंय व्हय?"

"असतं. त्यांनीच दिलंय."

"बगा बाई. सकाळी न्हवतं, आता झालं," ती म्हणाली, आणि मग खोडसाळपणे, कानडीत, "नक्की आतेन्री?"

नक्की झाले का? "आतु," गौरीशंकर म्हणाला. झाले. हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा त्याला कळले, की तो चौकटीविषयी बोललेला नाही, आणि खोलीचे दार उघडे आहे. आत चन्नबसप्पा घरी जायच्या तयारीने, टोपी घालून, खाटेच्या कडेला बसले होते. पाय जमिनीला पोचत नव्हते. ते त्याच्या खिशाकडे पाहत होते, जिथे फोन होता आणि किल्ली होती.

"एन आतो, मास्तर?" त्यांनी विचारले.

काय झालं? या वेळी प्रश्नातून कोणताही शब्द गाळलेला नव्हता. गौरीशंकरने किल्ली काढून हातात धरली, स्टूल खाटेजवळ ओढले, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांशी आपले डोळे येतील इतका खाली बसला.